इंटरपोलेशनच्या कोडला टेस्ट लिहिताय? या चुका टाळा

पोरं इंटरपोलेशनचा, म्हणजे माहीत असलेल्या बिंदूंवरून मधल्या किमती काढायचा, कोड दाखवायला आणतात, सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, आणि मी पहिलं हेच विचारतो की भो, टेस्टचा डेटा कुठून आणला? उत्तर ठरलेलं, लिनस्पेसमधून, म्हणजे समान अंतरावरचे आकडे ओळीनं देणाऱ्या फंक्शनमधून. तिथंच घात होतो.

रावेरकडे एका मित्राच्या केळीला शेततळ्यातून ड्रिप आहे. सेन्सर पाण्याची उंची सांगायचा आणि किती पाणी शिल्लक आहे ते मी कोष्टकातून इंटरपोलेट करून त्याच्या मोबाईलवर पाठवायचो. कोष्टक त्यानं टेप लावून स्वतः बनवलेलं, काठापासून खाली तळापर्यंत, मी ते तसंच नमपाय या पायथन लायब्ररीच्या इंटर्प फंक्शनला दिलं. आता हे इंटर्प एक्स (इथं पाण्याची उंची) चढत्या क्रमात आहेत का ते बघतच नाही, एरर नाही की वॉर्निंग नाही. तळं निम्मं असो की पाऊण, आकडा एकच यायचा, कोष्टकाच्या शेवटच्या ओळीतला, म्हणजे पाणी संपल्यातच जमा. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, त्यात त्यानं घाबरून दोन दिवस ड्रिप बंद ठेवलं, पानं करपली. माझ्या टेस्ट तेव्हाही हिरव्याच, कारण सगळ्यांत एक्स चढतेच होते. तेव्हापासून मी पहिल्या टेस्ट याच लिहितो: उलटं कोष्टक, विस्कटलेलं कोष्टक, एकच एक्स दोनदा, मधेच एक नॅन (आकडाच नसलेली किंमत). चारही ठिकाणी स्पष्ट एरर आलीच पाहिजे.

फक्त दिलेल्या बिंदूंवर उत्तर तपासू नका, तिथं ते बरोबर येणारच, मधल्या जागी बघा.

रेंजच्या बाहेरची टेस्ट हवीच. इंटर्प टोकाची किंमत धरून बसतं, सायपाय लायब्ररीची क्युबिकस्प्लाइन (बिंदूंमधून घनपदी तुकड्यांचा गुळगुळीत वक्र काढणारी) तो वक्र गुपचूप पुढं वाढवत नेते.

स्प्लाइनचं मात्र नीट समजून घ्या. बिंदूंमधलं अंतर निम्मं केलं की एरर, म्हणजे खऱ्या किमतीपासूनचा फरक, साधारण 16 पट कमी व्हायला पाहिजे, हे मोजल्याशिवाय मी कोड घेत नाही. पण नॅचरल स्प्लाइनला 0 ते पाय मधला साइन देऊन मोजलं तर 16 पट छान दिसतं, कारण साइनचा दुसरा डेरिव्हेटिव्ह दोन्ही टोकांना शून्यच आहे आणि नॅचरल स्प्लाइन नेमकं तेच धरून चालते. ई चा एक्स घात देऊन बघा, टोकांजवळ एरर 4 पटच कमी होतो. घाईत एकच फंक्शन घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आणि टेस्ट फेल झाली की टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) ढिला करणं, याचा मला खरंच राग येतो. बदलायचा तर शेजारी कारण लिहा, नाहीतर मी तो कोड मर्ज करत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेत नाही.