टी आला कुठून?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन्स सुटायची, पण कळायची नाहीत. उत्तर म्हणून ईचा 'आर गुणिले टी' हा घात धरला (टी म्हणजे वेळ) की आरचं वर्गसमीकरण मिळतं. त्याची दोन मुळं सारखी आली की दुसरं उत्तर मिळवायला ईच्या घाताला टीने गुणायचं, एवढंच पाठ. हा टी आला कुठून? सर म्हणाले, परीक्षेत विचारत नाहीत.

गणपतीत मालवणला घरी आलो. लाइट गेलेली, मी पडवीतल्या झोपाळ्यावर. हेलकावे कमी होत झोपाळा थांबतो, म्हणजे मुळं संमिश्र. तोच काकवीत बुडवला असता (आजीला हे बोललो नाही), तर न हेलकावता सावकाश जागेवर आला असता. मुळं वास्तव, वेगवेगळी. दोन्हींच्या सीमेवर सी वर्ग बरोबर ४ एम के (सी म्हणजे गतीला होणारा अडथळा, एम वस्तुमान, के जागेवर परत ओढणारा जोर), मुळं सारखी, आणि तिथेच माझं घोडं अडलेलं.

मग मुळं मुद्दाम किंचित वेगळी घेतली: −१ आणि −१.०१. समीकरण लिनिअर, त्यामुळे दोन उत्तरांची वजाबाकीही उत्तरच. तिला मुळांमधल्या फरकाने भागलं, फरक शून्याकडे नेला, आणि टी आपसूक बाहेर! हे तर मुळाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्हच की. अकरावीतली व्याख्या.

आता प्रत्येक उत्तरात टी शून्य आणि टी खूप मोठा ठेवून बघतो. चिन्हांच्या बऱ्याच चुका तिथेच सापडतात.