टाइट लागलेला नट

मोपेडचा बेल्ट तुटला की गिऱ्हाइकाचा फोन ठरलेला असतो: "गाडी चालू आहे, रेस घेतेय, पण हलत नाही." इंजिन फिरतंय, हॉर्न वाजतोय, चाक मात्र ढिम्म. नवी पोरं विचारतात, आता बॅटरी उतरेल का? नाही. कारमध्ये बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बेल्टवर फिरतो, बीएमडब्ल्यूच्या आर 1150 सारख्या बाइकवरही. आपल्या मोपेडमध्ये तेच काम करणारा मॅग्नेटो थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, बसलेला असतो. हा बेल्ट इंजिनकडच्या पुढच्या पुलीवरून चाकाकडच्या मागच्या पुलीवर जातो, आणि फक्त चाक फिरवतो.

सातपूरच्या आयटीआयमधून दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा हे सगळं मला पाठ होतं. हाताला मात्र काही येत नव्हतं.

पहिलाच पावसाळा. श्रावणी सोमवार, त्र्यंबक रोड, अंजनेरीच्या अलीकडे. नवरा-बायको दर्शनाला निघालेले, पाऊस आडवा, आणि मी एकटा. डावं कव्हर खोललं, तुटलेल्या बेल्टच्या चिंध्या काढल्या, नवा बेल्ट घातला, पुढच्या पुलीची बाहेरची प्लेट बसवली, नट आवळला. मस्त टाइट लागला. गाडी सुटली. परतताना त्यांनी गॅरेजवर येऊन पेढे दिले. तिसऱ्या दिवशी गाडीच आली, डावीकडून खडखड वाजत. कव्हर काढलं तर नट बोटांनी फिरला. प्लेट ढिली राहून क्रँकचे दाते खाऊन टाकलेले. क्रँक बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं. माझा महिन्याचा पगार गेला. उस्तादांनी एकच विचारलं, "बेल्ट हलवून बघितला होतास?"

नव्हता बघितला. आता नीट ऐका, कारण हे कोणी समजावून सांगत नाही. पुढच्या पुलीच्या दोन प्लेटांच्या मध्ये एक बुश, म्हणजे लोखंडी नळी, असते. नट आवळला की बाहेरची प्लेट त्या बुशला भिडायला हवी. पण नवा बेल्ट ताणलेला असेल तर तो वरच्या बाजूला राहतो, प्लेट आणि बुश यांच्यात फट ठेवतो, आणि नट लोखंडावर न बसता रबरावर आवळला जातो. हाताला टाइटच लागतं! गाडी चालली की बेल्ट सरकतो, फट मोकळी होते, नट सैल.

उपाय सोपा आहे. आधी मागच्या पुलीकडे जा. तिच्या दोन्ही प्लेटा हाताने फाकवा (स्प्रिंग कडक असते, जोर लागतो) आणि बेल्ट आत खोल दाबा. मागे खोल गेला की पुढे ढील मिळते. तो तसाच दाबून धरून पुढची प्लेट लावा. नट आवळल्यावर पुढचा बेल्ट बोटांनी हलवा. बुशवर सैल लोंबला पाहिजे. लोंबत नसेल तर खोला. पाऊस असो, गिऱ्हाईक घड्याळ बघत असो, खोला.

नट आवळताना पुली फिरू नये म्हणून फॅनच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवणारे खूप आहेत. पाती तुटतात. पुली धरायचा होल्डर घ्या, त्याला पर्याय नाही. छिन्नी-हातोडीने नट सोडवणाऱ्याकडे काम शिकू नका. शिव्या देणारा उस्ताद परवडला, पण सहा महिने नुसत्या गाड्या धुवायला लावणारा नको. व्हिडिओ बघा जरूर, पण त्यात गाडी स्टँडवर असते आणि उजेड असतो.

डिकीत काय ठेवायचं? टी-पाना, बॉक्स पाने, होल्डर, पक्कड, वायर, टॉर्च, कोरडी फडकी, गोणपाट. आणि डब्याचं स्टीलचं झाकण, बोल्ट ठेवायला. चिखलात पडलेला बोल्ट सापडत नाही. कव्हरचे बोल्ट सगळे एकाच लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जिथला तिथे टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी आवळलात तर आटे गेलेच समजा. बेल्टवर बाण असेल तर त्याची दिशा बघा. बेल्टला ग्रीसचा हात लावू नका, घसरतो.

पहिला बेल्ट मात्र गॅरेजमध्येच बदला, दोन-चार वेळा. भीती वाटते ती साहजिक आहे, मलाही तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत घाम फुटायचा. नंतर हात आपोआप मागच्या पुलीकडे जातो.

कसाऱ्याच्या घाटात मात्र बेल्ट बदलत बसू नका. ट्रक अंगाशी येतात. चिंध्या अडकून चाक जॅम झालं नसेल तर गाडी मोकळी ढकलता येते. घाट संपेपर्यंत न्या, मग खोला. आणि रस्त्यावरच्या कामाचे पैसे फोनवरच ठरवा. अंजनेरीला मी ठरवले नव्हते, म्हणून पेढे मिळाले.