मृगापूर्वी नेच्यांच्या कुंड्या बघा: खोड मातीवर हवं

झाडावर वाढणारे नेचे (फर्न) कुंडीत लावणाऱ्या बागायतदारांनो, मृग तोंडावर आलाय. शेडमधल्या डॅव्हालिया या नेच्याच्या कुंड्या आजच तपासा. लवदार, सशाच्या पायासारखं आडवं खोड मातीखाली असेल तर बोटांनी माती बाजूला करून ते उघडं करा.

दर पावसाळ्यात हेच पाहतो. रोप हलतंय म्हणून खोडावर माती ओढली जाते. आर्द्रेची झड लागली की आठ दिवसांत खोड काळं पडतं, दाबलं तर पाणी सुटतं. वरची पानं तोवर हिरवीच दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रानात हा नेचा सालीला धरून वाढतो, मुळं सालीत आणि खोड हवेत. आपलं बाशिंग, तेही नेचाच, आंब्यावर असंच असतं. (ते बांडगूळ नव्हे, झाडाचा रस शोषत नाही. उगाच काढू नका.)

हलणारं खोड केसाच्या पिनेनं किंवा सुतळीनं बांधा. कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, थोडं शेणखत भरा. नुसती माती नको.

बाकीची कामं:
– कुंडीची भोकं मोकळी करणे
– कुंड्या विटांवर ठेवणे
– शेडची गळती बुजवणे
– १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) खत लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, फक्त उघडीप असताना
– गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरणे, सकाळी वेचणे

पानामागे तपकिरी ठिपके दिसले की दुकानदार बाटली हातात देतो. आधी बघा. ठिपके पानापानावर एकाच ठरावीक जागी असतील आणि पिकल्यावर भुकटी सुटत असेल तर ती बीजुकं आहेत, म्हणजे नेच्याचं बी म्हणा, औषध कशाला? कसेही विखुरलेले, नखानं सुटणारे, चिकट असतील तर खवलेकीड. ती ओल्या फडक्यानं पुसून काढा.

खोड मऊ लागलं तर कडक भागापर्यंत कापा, कापावर कोळशाची पूड लावा. शिफारस कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची, लिटरला २.५ ग्रॅम. पण नेच्याचं पान नाजूक, म्हणून आधी एका कुंडीवर मारून तीन दिवस थांबा. माझा अनुभव असा की कोळसा आणि वारा मिळाला तर फवारणीची गरज क्वचितच पडते. कापलेला तुकडा मात्र पुन्हा लावताना सोडणावर नुसता टेकवा, वर माती ओढू नका.