पत्रकांऐवजी क्यूआर कोड: दवाखान्यांनो, या चुका टाळा

ओपीडीतली छापील पत्रकं बंद करून भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला, तरी थोड्याच दिवसांत काउंटरवरचा प्रिंटर पुन्हा घरघरू लागतो. गडबड बहुतेक वेळा कोडमागच्या पानात असते.

पत्रक डीटीपीवाल्याने श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये लावलेलं असतं. त्याची पीडीएफ दिसायला बरोबर. पण त्यात शब्द शोधता येत नाही, मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला की अगम्य अक्षरं उमटतात, आणि ए४ पान मोबाइलवर सरकवत वाचावं लागतं. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) आणून साधं वेबपान करा. कन्व्हर्टरवर मात्र विसंबू नका. रफार, ‘ऱ्या’ आणि ‘½’ इथे घोळ होतो, आणि ‘½ गोळी’मधलं चिन्ह गळालं तर रुग्ण अख्खी गोळी घेईल. ‘अर्धी गोळी’ असं अक्षरांत लिहा आणि प्रत्येक डोस फार्मासिस्टकडून मूळ प्रतीशी ताडून घ्या.

कोडची रुंदी स्कॅनच्या अंतराच्या साधारण दहावा भाग हवी: दीड मीटरवरून स्कॅन करायचा तर 15 सेंमी. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी जागा सोडा. डिझायनर नेमकी तिथेच नक्षी काढतात. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, म्हणून मॅट घ्या. फुकटच्या ‘डायनॅमिक’ कोडची (आधी कोड देणाऱ्या कंपनीच्या लिंकवर आणि तिथून तुमच्या पानावर नेणाऱ्या) मुदत संपली की सगळे फलक एकाच दिवशी निकामी होतात. पत्ता स्वतःच्या डोमेनवरचा, छोटा आणि कायमचा ठेवा. बदल पानात करा, वर सुधारणेची तारीख टाका.

चाचणी ऑफिसच्या वायफायवर घेऊ नका. तळघरातल्या एक्स-रे खोलीबाहेर, मोबाइल डेटावर घ्या.

उलटा प्रकारही सर्रास दिसतो: सोनोग्राफीआधी पाणी किती प्यायचं हे वाचायला ओटीपी लागतो, आणि रिपोर्ट मात्र लिंकमधला आकडा बदलला की कुणालाही दिसतो. सामान्य माहिती खुली ठेवा, रिपोर्टला ओटीपी लावा.

सगळा कागद काढायचा हट्टही नको. जपानने 1 ऑगस्ट 2021 पासून औषधांसोबतची छापील माहिती हटवायला सुरुवात केली, पण ती डॉक्टर-फार्मासिस्टांसाठीची; चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांतला कागद तसाच ठेवला. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांचं वेळापत्रक आणि ‘ही लक्षणं दिसली तर लगेच या’ ही यादी छापूनच द्या. स्मार्टफोन मुलाकडे आणि मुलगा कामावर, अशा आजींना बाकीचं मागितल्यावर छापून द्या. त्यासाठी पानाची प्रिंट आवृत्ती एकाच कागदावर पाठपोट बसेल अशी आधीच करून ठेवा. नाहीतर मेनू, बॅनरसकट पाच-सहा पानं बाहेर येतात.