स्नॉर्कलिंगला जाताय? मास्क नंतर, आधी भरतीची वेळ विचारा

आपल्या नागपूरकरांचा समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव, त्यामुळे अंदमानला नील बेटावर (आताचं सरकारी नाव शहीद द्वीप) अगदी पाण्याला लागून असलेल्या लॉजमध्ये उतरलो तेव्हा म्हटलं आरामात नाश्ता करू आणि बाराला मास्क लावून, तोंडात नळी धरून घुसू पाण्यात, वर तरंगत खालचं प्रवाळ बघायला. घुसलो तर पाणी गुडघ्याएवढं, खाली सगळं खडबडीत प्रवाळ, पोहता येईना आणि चालावं तर पाय ठेवायला जागा नाही, शेवटी अंगठा कापला तो कापलाच, घरी आलो तरी जखम भरून नव्हती राहिली.

तर लॉजवाल्या भाऊला आल्या आल्या भरती किती वाजता ते विचारा. दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी 9 ला असेल तर उद्या 10 च्या आसपास. पूर्ण भरायच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, पाणी चढतं असतं, पोट घासत नाही. ओहोटी लागली की बाहेर. पाण्याजवळच्या खोलीचे जास्तीचे पैसे मी याच्यासाठीच देतो, व्हरांड्यात चहा घेत वाट बघता येते. हिवाळ्यात तिकडे पाचच्या आसपासच सूर्य बुडतो, संध्याकाळच्या भरतीच्या भरवशावर राहू नका. आणि मगरीचा बोर्ड दिसला तर तिथे उतरायचंच नाही, विषय संपला.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर घ्या. मिशी असेल तर पाणी शिरतं, थोडं व्हॅसलीन लावा. काचेवर वाफ धरते म्हणून आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून हलकंसं धुवायचं. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क बघावा.

तोंडाने श्वास घ्यायची सवय घरीच करा. मी मोठ्या घमेल्यात पाणी भरून तोंड बुडवून बसलो होतो, बायको म्हणे हे काय करून राहिले! पण तिथे कामात आलं. तोंडात धरलेल्या नळीत पाणी गेलं की घाबरून उभं नाही व्हायचं, जोरात 'थू' करून फुंकायचं, पाणी वरून उडून जातं. उभे झालात की फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) प्रवाळावर आपटतात, तुमचंही नुकसान त्याचंही.

वाळूची पट्टी बघून आत शिरा, फिन्स घातले असतील तर उलटे चाला. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे थकल्यावर तोच परत आणून सोडतो. एकटं जाऊ नका, पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घाला, त्यात लाज कसली.

मग हातपाय न मारता नुसतं पडून राहा. कान पाण्यात गेले की कुणी फुटाणे खाऊन राहिल्यासारखा कटकट आवाज येतो. बघाल तर पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडतोय, आणि थोड्या वेळाने मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडतो, त्या मऊ किनाऱ्यातली बरीचशी वाळू ही अशी आलेली असते राव!

फुल बाह्यांचा टी-शर्ट मात्र घाला. आम्ही 45 डिग्रीवाले, आम्हाला काय ऊन लागणार म्हणून मी उघडाच गेलो, पाणी थंड लागतं म्हणून कळतच नाही, दोन रात्री पालथा झोपलो.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा पोरांसाठी म्हणून खिशात टाकू नका, मेलेला असला तरी. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो येतो, आणि विमानतळावर बॅग स्कॅनरमधून जातेच.