रेफरींच्या संघटनेत नाव घालण्याआधी

सगळ्यात आधी घरच्यांशी बोला. पुण्यातलं फुटबॉल बहुतेक शनिवार-रविवारी चालतं, आणि लग्न, मुंज, बारसं हेही नेमकं त्याच दिवशी निघतं. रेफरींची संघटना हौसेवर चालते. ड्युटी घेऊन आयत्या वेळी फोन बंद ठेवणाऱ्याला तिथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

संघटनेत नाव घातलं म्हणजे रेफरी झालो, असंही समजू नका. रेफरीचा वर्ग परीक्षेतून मिळतो आणि ती वाट जिल्हा, मग राज्यासाठी 'विफा' (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अशी वर जाते. संघटनेत मिळते ती सोबत, आणि मॅच संपल्यावर 'तो फाऊल तू वीस मीटर मागे राहून दिलास' असं तोंडावर सांगणारा माणूस.

कागदपत्रांचं विशेष काही नाही: आधार, जन्मतारखेचा पुरावा, दोन फोटो, वर्गणी. पण अर्जाबरोबर एक गोष्ट न विचारता सांगून टाका. तुम्ही कोणत्या क्लबकडून खेळलात, भाचा कोणत्या संघात आहे, शेजारचे काका कोणाचे कोच आहेत. पुणं मोठं झालं असलं तरी फुटबॉलचं पुणं लहानच आहे. हे नंतर दुसऱ्याकडून कळलं तर तुमची चोख पेनल्टीसुद्धा संशयात जाते.

नियमांची प्रत ताजी घ्या. नियम 17च आहेत, पण आतला मजकूर बदलत राहतो आणि नवी आवृत्ती साधारण 1 जुलैपासून लागू होते. एखाद्या सीनियरने मायेने दिलेली जुनी प्रत कपाटात ठेवा. गोलकीपरच्या सहा सेकंदांचंच बघा: 2025च्या बदलात ते आठ झाले, आणि त्याहून जास्त वेळ बॉल हातात ठेवला तर आता इनडायरेक्ट फ्री किक नाही, समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरीने हात वर करून मोजायचे. अकराव्या, म्हणजे ऑफसाईडच्या नियमातले अपवाद तर झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाईड नसतो. तरी टचलाइनवरून निम्मं मैदान 'ऑफसाईड!' म्हणून ओरडतं, आणि नवा लाइन्समन गडबडून झेंडा वर करतो.

दम वाढवा, पण योग्य तो. वेताळ टेकडी रोज चढणारे मला बरेच भेटले. त्यांना सलग धावता येतं, थांबून पुन्हा सुटता येत नाही. रेफरीची चाचणी त्याचीच असते: 40 मीटरच्या सहा जोरदार धावा, आणि मग 75 मीटर धाव, 25 मीटर चाल असं पुन्हा पुन्हा. शिट्टी वाजवून बघा आणि त्यासाठी मोकळी जागा शोधा. सोसायटीच्या गच्चीवर दुपारी एक ते चारमध्ये हा सराव करू नये, इतकंच सांगतो.

बॅगेत दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, नाणं, कार्डं, वही आणि पेन्सिल. पेन नको, जुलैच्या पावसात शाई पसरते. पिवळं आणि लाल कार्ड वेगवेगळ्या खिशांत ठेवा. आणि कार्ड दाखवलं की तिथेच नंबर लिहा. माझ्या पहिल्या वर्षी मी पिवळं दाखवून 'मग लिहू' म्हटलं. त्याच मुलाने उत्तरार्धात पुन्हा पाय घातला आणि मी पुन्हा नुसतं पिवळंच दाखवलं. दोन पिवळी म्हणजे लाल, हे मैदानावर सगळ्यांना आठवत होतं, मला सोडून. मॅच रिपोर्ट लिहिताना कपाळावर घाम आला तो उन्हाचा नव्हता.

सुरुवातीला शिट्टी मिळणार नाही, झेंडा मिळेल. तेही लहान मुलांच्या मॅचला, जिथे आई-वडील खेळाडूंपेक्षा जास्त धावतात. त्यांना उत्तर देऊ नका, बॉलकडे बघा. मॅच साडेसातची असेल तर पावणेसातला पोचून गोलच्या जाळ्यांची भोकं तपासा.

अर्ज द्यायला जाताना पुढच्या दोन महिन्यांतले मोकळे शनिवार-रविवार चिठ्ठीवर लिहून न्या. सेक्रेटरी सगळ्यात आधी तेच विचारतात.