हुर्राकच्या बाटलीत ॲसिड नको
हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची दारू; मोसमात तो आपल्याकडे गोव्यात पाण्याच्या जुन्या बाटल्यांतूनच घरी येतो. तशाच बाटलीत संडास धुण्याचं ॲसिड किंवा रॉकेल ओतून ठेवलं, तर अंधारात घोट कोण घेईल सांगता येत नाही. मूळ डब्यातच ठेवा, कडीच्या कपाटात. चुकून कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका: ॲसिड वर येताना घसा पुन्हा भाजतं, रॉकेल फुफ्फुसात जातं. मिठाचं पाणी (आमच्या आजीचा हमखास उपाय!) तर मुळीच नको. 108 लावा, बाटली सोबत न्या. उंदीर मारायची पेस्ट पोटात गेली असेल, तर माणूस ठणठणीत दिसला तरी थांबू नका, थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या. यकृतावरचा घाला कधी कधी दोन-तीन दिवसांनी कळतो.